गंधयुक्ती : गणिती, रसिक आणि एक मराठी टीका

प्रास्ताविक

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी गणना आली आहे, तीत गीत, वाद्य, नृत्य आणि आलेख्य यांच्याच पंक्तीत ‘गंधयुक्ती’ या कलेचा निर्देश आहे. गंधयुक्ती म्हणजे सुगंधी द्रव्यांचा योग्य प्रमाणात संयोग घडवून आणण्याची विद्या. पहिल्या तीन कलांचा इतिहास आपण आवर्जून शिकवतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांमुळे आलेख्यालाही अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले आहे. गंधयुक्तीच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. याचे एक कारण उघड आहे. सुगंध उडून जातो, त्याचा अवशेष उत्खननात सापडत नाही, तो संग्रहालयाच्या कपाटात मांडता येत नाही. दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. सुगंधाचा विषय निघाला की आपण तो एक तर रसायनशास्त्राच्या विभागाकडे सोपवतो किंवा शृंगाराच्या वर्णनात गुंडाळून ठेवतो. शास्त्र एकीकडे आणि कला दुसरीकडे अशी वाटणी झाल्यावर दोहोंच्या मधोमध उभ्या असलेल्या या विद्येला इतिहासात जागा उरत नाही.

ही वाटणी आपल्या परंपरेतील एका थोर शास्त्रज्ञाला मान्य नव्हती, हे त्याच्या ग्रंथाच्या आधारे दाखवावे आणि त्या अनुषंगाने मराठीतील एका दुर्लक्षित टीकेकडे प्राध्यापकवर्गाचे लक्ष वेधावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वराहमिहिराची गणना

वराहमिहिर हा इसवी सनाच्या सहाव्या शतकातील ज्योतिर्विद. त्याच्या ‘पंचसिद्धान्तिका’ या ग्रंथातील गणिताचा आरंभ शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ हे वर्ष धरून केलेला आहे. ग्रहगतींचा हिशेब करणाऱ्या या पंडिताने ‘बृहत्संहिते’त पर्जन्य, भूकंप, रत्ने, वास्तू यांच्याबरोबर गंधयुक्तीवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. अध्यायाचा आरंभ मोठा मौजेचा आहे. ज्याचे केस पांढरे झाले आहेत त्याला माळा, सुगंध, वस्त्रे व अलंकार शोभत नाहीत, असे सांगून ग्रंथकार प्रथम कलप करण्याची कृती देतो आणि मगच सुगंधाकडे वळतो. प्रकांड गणिती असूनही माणूस व्यवहारी होता, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर तो ‘गंधार्णव’ नावाचा प्रकार सांगतो. सोळा द्रव्ये घ्यावयाची. त्यांतील कोणतीही चार निवडून एक, दोन, तीन, चार अशा भागांनी एकत्र करावयाची. यातून सुगंध किती होतील? सोळांतून चार निवडण्याचे प्रकार १,८२० होतात, हे तो अचूक सांगतो. भागांच्या भेदांमुळे अशा प्रत्येक गटाचे ९६ प्रकार धरून तो एकूण संख्या १,७४,७२० अशी देतो. एवढेच करून तो थांबत नाही. असे गट पद्धतशीरपणे मांडून काढण्यासाठी ‘लोष्टकप्रस्तार’ ही रीतही सांगतो. आज ज्याला आपण संचयगणित म्हणतो त्याचे हे भारतीय गणितातील एक लक्षणीय उदाहरण आहे आणि गणिताच्या इतिहासकारांनी त्याची योग्य ती दखल घेतली आहे.

तथापि, गणिताच्या इतिहासकारांची दृष्टी साहजिकच त्या संख्येवर खिळते आणि तिच्या लगत असलेल्या एका सूचनेकडे तितके लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या अध्यायाचे मर्म त्या सूचनेत आहे. वराहमिहिर सांगतो की धने अत्यंत उग्र वासाचे असल्यामुळे त्यांचा नेहमी एकच भाग घ्यावा, कापराचा त्याहूनही कमी घ्यावा; ही दोन द्रव्ये दोन, तीन वा अधिक भागांनी कधीही घालू नयेत.

या सूचनेचा परिणाम काय होतो ते पाहण्यासारखे आहे. धने आणि कापूर ही दोन द्रव्ये वगळली तर चौदा द्रव्ये उरतात आणि चौदांतून चार निवडण्याचे प्रकार १,००१ होतात. म्हणजे १,८२० गटांपैकी ८१९ गटांत धने किंवा कापूर किंवा दोन्ही येतात. शेकडा ४५ गटांना ग्रंथकाराने स्वतःच घातलेले बंधन लागू पडते! ज्या हाताने त्याने पावणेदोन लाखांच्या आसपासची संख्या मांडली, त्याच हाताने त्याने तिच्यातील मोठ्या भागाला कात्री लावली आहे. हा विसंगतीचा दोष नव्हे. गणित शक्यता किती ते सांगते; त्यांतील कोणत्या स्वीकारार्ह आहेत ते नाक सांगते. ज्योतिषाच्या गणितात ग्रहाला आवडनिवड नसते, सुगंधाच्या गणितात घेणाऱ्याला ती असते. हा भेद वराहमिहिराने ओळखला होता, आणि तो ओळखूनही त्याने गणना सोडली नाही.

पुढील सूचनाही याच वळणाच्या आहेत. तयार मिश्रणाला विशिष्ट द्रव्यांची धुरी द्यावयाची, पण ती द्रव्ये एकत्र गोळा करून नव्हे, तर क्रमाक्रमाने. त्यानंतर कस्तुरी व कापूर यांनी मिश्रणाला ‘बोध’ द्यावयाचा. बोध म्हणजे जागविणे. निजलेल्या सुगंधाला जागविण्याची ही परिभाषा केवळ औषध कुटणाऱ्याची नाही. क्रम बदलला तर परिणाम बदलतो, हे संगीतातील स्वरांच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. येथे तेच तत्त्व धुराच्या बाबतीत सांगितले आहे.

याच अध्यायात ‘सर्वतोभद्र’ नावाची आणखी एक रचना आहे. सोळा घरांच्या चौकटीत सोळा द्रव्यांचे भाग मांडले आहेत. पहिल्या ओळीत २, ३, ५, ८. दुसरीत ५, ८, २, ३. तिसरीत ४, १, ७, ६. चौथीत ७, ६, ४, १. आडव्या, उभ्या वा तिरप्या कोणत्याही ओळीतील चार द्रव्ये घेतली तरी भागांची बेरीज १८ येते. कोपऱ्यातील किंवा मधली चार घरे घेतली तरी तीच. जपानी विद्वान ताकाओ हायाशी यांनी १९८७ साली या जादूच्या चौरसाचे सविस्तर विवेचन केले आहे. आपल्या दृष्टीने प्रश्न असा की, सुगंध करणाऱ्याला बेरीज १८ असण्याचा उपयोग काय? व्यावहारिक उपयोग थोडका आहे; प्रमाण सारखे राहते, इतकाच. खरा उपयोग आनंदाचा आहे. कोठूनही उचला, तोल ढळत नाही, असे ही चौकट सांगते. येथे गणितज्ञाला झालेला सौंदर्याचा साक्षात्कार आणि सुगंधकाराची समतोलाची कल्पना ही दोन्ही एकाच सोळा घरांत नांदत आहेत.

सोळा द्रव्ये : स्वयंपाकघर आणि बंदर

ही द्रव्ये कोणती? नावे संस्कृत असल्यामुळे ती परकी वाटतात; मराठी नावे घेतली की ती घरची होतात. मुस्ता म्हणजे नागरमोथा, उशीर म्हणजे वाळा, कर्चूर म्हणजे कचोरा, शैलेयक म्हणजे दगडफूल, नागपुष्प म्हणजे नागकेशर, मांसी म्हणजे जटामांसी, त्वक् म्हणजे दालचिनी, पत्र म्हणजे तमालपत्र. प्रियंगू म्हणजे आपल्याकडील गव्हला, असे सामान्यतः मानले जाते. यादी पाहताच दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात : दिवाळीचे उटणे आणि गोडा मसाला. नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा ही उटण्यातील मंडळी. धने, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, तमालपत्र ही गोड्या मसाल्यातील. वसई आणि साष्टी परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून जो ‘बॉटल मसाला’ केला जातो त्यातही दगडफूल आणि नागकेशर असते. दगडफूल हे तर बोलूनचालून दगडांवर वा झाडांच्या सालीवर वाढणारे धोंडफूल; एकट्याने त्याचा स्वाद फारसा कळत नाही, पण मिश्रणात नसले तर उणीव भासते. गंधयुक्तीची पेटी मोडली, पण तिच्यातील कप्पे आपल्या मसाल्याच्या डब्यात शिल्लक राहिले. मसाला करणारी गृहिणी एका द्रव्याचा हात आखडता घेते आणि दुसऱ्याचा सैल सोडते, तेव्हा ती वराहमिहिराची कापराविषयीची सूचनाच पाळत असते.

एक सावधगिरी येथे बाळगली पाहिजे. ग्रंथांतील ‘तगर’ म्हणजे पापडी-वसईच्या वाड्यांतून फुलणारे पांढरे तगरीचे फूल नव्हे; ते डोंगराळ प्रदेशातील एक सुगंधी मूळ होय. मोगरा, जुई, सोनचाफा यांची आपल्या परिसरातील लागवड दादरच्या फूलबाजारासाठी, गजऱ्यांसाठी व हारांसाठी होते, अत्तरासाठी नव्हे. त्यामुळे वसईचा फुलांचा व्यवसाय म्हणजे प्राचीन गंधयुक्तीचा वारसा, असे विधान एखाद्या स्मरणिकेत शोभून दिसेल. इतिहासाच्या अभ्यासकाला ते करता येणार नाही. या परिसराचा गंधयुक्तीशी असलेला खरा संबंध फुलांचा नसून बंदराचा आहे.

पापडीच्या उत्तरेस सोपारा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बाजारपेठांत सोपाऱ्याचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात भडोच बंदरात येणाऱ्या व तेथून जाणाऱ्या मालाची यादी आहे. जटामांसी आणि कोष्ठ ही सुगंधी द्रव्ये बाहेर जात. ‘स्टोरॅक्स’ नावाचा सुगंधी डिंक बाहेरून येत असे. हा डिंक म्हणजेच संस्कृत ग्रंथांतील सिल्हक किंवा तुरुष्क. वराहमिहिराच्या चौकटीत पहिल्या ओळीतील तिसरे घर, पाच भाग, तुरुष्काचे आहे. चौकटीच्या अखेरच्या घरात एक भाग कुंदुरुक, म्हणजे धुपाचा डिंक आहे. हिमालयातील मूळ, दक्षिणेतील चंदन, ईशान्येकडील अगरू आणि समुद्रापलीकडील राळ यांची बेरीज जेव्हा १८ होते, तेव्हा त्या अठरात व्यापाराचा सबंध नकाशा सामावलेला असतो. पेरिप्लसची आणखी एक नोंद सूचक आहे. भडोचला परदेशी तयार सुगंधी लेपही येत, पण ते फार किमती नसत आणि फारसे खपतही नसत. आपल्याकडे कच्चे द्रव्य हवे होते, तयार माल नको होता. मिश्रण करणारे हात येथे होते, असा तर्क करण्यास यावरून जागा आहे.

द्रव्यांपैकी ‘नख’ या एका द्रव्याचा निर्देश मुद्दाम करावासा वाटतो. हे समुद्रातील शंखवर्गीय प्राण्याच्या शंखाचे झाकण. जाळले असता त्याला सुगंध येतो असे कोणी म्हणणार नाही. उलट दर्प येतो. तरीही गंधार्णवात आणि सर्वतोभद्रात, दोन्हीकडे त्याला स्थान आहे, आणि सर्वतोभद्रात तर त्याचे तब्बल सहा भाग आहेत. जे स्वतः सुंदर नाही ते रचनेत सुंदर ठरू शकते, हे चित्रकाराला काळ्या रंगाबाबत आणि कवीला कठोर वर्णांबाबत ठाऊक असते. सुगंध ही केवळ गोड वासांची बेरीज नसून रचना आहे, याचा याहून ठोस पुरावा मागण्याचे कारण नाही.

दुसरी शास्त्रीय दृष्टी

याउलट दृष्टीचे एक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर सापडते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा १५३४ साली भारतात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. ओर्ताचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात अंबर, चंदन, अगरू, कापूर, ऊद यांवर स्वतंत्र संवाद आहेत. पारिजातकावरही आहे, आणि सूर्यावर भाळलेल्या मुलीच्या राखेतून हे झाड उगवले ही कथाही आहे. ओर्ता चौकस होता, जुन्या ग्रंथकारांचे म्हणणे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय न स्वीकारणारा होता. (त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या, इतक्या स्वतंत्र बुद्धीच्या माणसाच्या वाट्याला हे यावे, हे वाचताना आजही मन अस्वस्थ होते.) परंतु त्याची दृष्टी द्रव्यपरीक्षेची आहे. द्रव्य कोठले, अस्सल कोणते, भेसळीचे कोणते, गुणधर्म काय, हे त्याचे प्रश्न आहेत. त्याला एकेक द्रव्य दिसते. वराहमिहिराला द्रव्यांमधील नाते दिसते. दोघेही शास्त्रज्ञच. कलेचा प्रश्न मात्र नात्यापाशीच उपस्थित होतो.

आधुनिक काळात हे दोन मार्ग पुन्हा एकत्र आले, ते रसायनशास्त्रामुळे. इंग्रज रसायनज्ञ पर्किनने १८६८ साली कुमारिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि १८८२ साली पॅरिसमधील एका सुगंधात ते वापरले गेले. तेव्हापासून सुगंधकाराच्या हाती निसर्गात सुटे न मिळणारे स्वर आले. कस्तुरीच्या सुगंधाचे रेणू मोठ्या वलयाच्या आकाराचे असतात, हे रुझिच्का यांनी दाखविले. त्यांना १९३९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. घ्राणेंद्रियातील ग्राहींच्या शोधासाठी रिचर्ड अॅक्सेल व लिंडा बक यांना ते २००४ साली मिळाले. एवढे होऊनही सुगंध ही कला की नुसती कारागिरी, हा प्रश्न सुटला नाही. २००६ सालच्या जून महिन्यात तो दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांपुढे आला. १३ जूनला फ्रान्सच्या न्यायालयाने सांगितले की सुगंध ही तंत्रज्ञानाची निष्पत्ती असून तिला लेखनहक्काचे संरक्षण मिळू शकत नाही. तीनच दिवसांनी, १६ जूनला, नेदरलँड्सच्या न्यायालयाने ते मिळू शकते असा निर्णय दिला. सुगंधाचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या फ्रान्सने सुगंधकाराला कारागिरांत बसवावे आणि नेदरलँड्सने त्याला कलावंतांत न्यावे, हा योगायोग उद्बोधक आहे.

शास्त्रज्ञांपैकी ल्युका ट्युरिन या जीवभौतिकीच्या अभ्यासकाने या वादात उघड बाजू घेतली. रेणूंच्या कंपनांवरून नाकाला गंध ओळखू येतो हा त्याचा १९९६ सालचा सिद्धान्त बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नाही. त्याचे दुसरे काम मात्र टिकले आहे. त्याने १९९२ साली फ्रेंचमध्ये आणि २००८ साली तानिया सांचेझ यांच्यासह इंग्रजीत सुगंधांची मार्गदर्शिका लिहिली आणि बाटलीतल्या सुगंधांचे परीक्षण पुस्तकांचे वा मैफलींचे करावे त्या रीतीने केले. सिद्धान्त वादग्रस्त आणि रसास्वाद विश्वसनीय, असे शास्त्रज्ञाच्या बाबतीत क्वचितच घडते. सुगंधासाठी समीक्षेची भाषा हवी, हा त्याचा आग्रह पाश्चात्त्य वाचकांना नवा वाटला. आपल्याकडे ती भाषा एके काळी होती, हे जेम्स मॅकह्यू यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सँडलवुड अँड कॅरियन’ या ग्रंथावरून कळते. सुगंधाच्या कृती कोड्यांच्या व श्लेषांच्या रूपाने श्लोकबद्ध केल्या जात. कृती वाचणाऱ्याने आधी कोडे उलगडावयाचे आणि मग मिश्रण करावयाचे. म्हणजे सुगंधाचा रसिक हा काव्याचाही रसिक असणे गृहीत धरलेले होते.

गोडे आणि ‘गंधवाद’

या सगळ्या साहित्याकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) यांना जाते. कोकणातील देवरूखचे गोडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून पोथ्यांच्या विभागाचे अभिरक्षक होते. आरसा, चष्मा, विडा, धान्ये, सुगंध अशा विषयांवर त्यांनी शेकडो टिपणे लिहिली. राजे आणि लढाया यांच्या इतिहासाने भारून गेलेल्या काळात हा माणूस संस्कृतीची बारीकसारीक साधने कालक्रमाने लावत बसला होता. १९४५ च्या सुमारास त्यांनी रंगाचार्य रड्डी यांच्या संग्रहातील एका पोथीचा परिचय करून दिला. तीत गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ असे दोन ग्रंथ होते. गंधसाराची तीन प्रकरणे आहेत : परिभाषा, कृती आणि निघंटू. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन या सहा प्रक्रिया परिभाषेत सांगितल्या आहेत. निघंटूत द्रव्यांचे पत्र, पुष्प, फल, त्वक्, काष्ठ, मूल, निर्यास आणि जीव असे आठ वर्ग केले आहेत. प्राणिज द्रव्यांना वेगळा वर्ग देणारी ही विभागणी आजच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसेल.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो दुसरा ग्रंथ, कारण गंधवादावर मराठी टीका आहे. गोडे यांनी तिचा काळ स्थूलमानाने इ. स. १३५० ते १५५० यांच्या दरम्यान ठरविला. ‘वाद’ हे उत्तरपदही लक्षात घेण्यासारखे आहे. धातुवाद म्हणजे धातूंची विद्या. तिचीही गणना चौसष्ट कलांत आहे. त्याच वळणावर गंधवाद. कला आणि विद्या यांची सरमिसळ या एका नावातच झालेली आहे.

आपल्या विद्यापीठीय अभ्यासात प्राचीन मराठी गद्य म्हणजे महानुभाव गद्य, आणि त्यानंतर एकदम बखरी, अशी मांडणी रूढ आहे. मधल्या काळात कोणी तरी सुगंधाची कृती मराठीत समजावून सांगत होते, ही गोष्ट त्या मांडणीत बसत नाही. म्हणून ती सांगितली जात नाही. टीका मराठीत लिहावी लागली याचा अर्थ, संस्कृत न येणारा पण द्रव्ये हाताळणारा वाचक समोर होता. तो गंधी असेल, देवालयाचा सेवेकरी असेल किंवा एखाद्या सरदाराच्या वाड्यातील माणूस असेल. पण त्याला श्लोकाचे सौंदर्य नको होते, वजन आणि क्रम हवा होता. शास्त्रीय मराठी गद्याची गरज एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राजवटीमुळे प्रथम उत्पन्न झाली, असे जे आपण गृहीत धरतो, त्या गृहीतकाला ही एक टीका धक्का देते. ही संहिता दुर्मिळ राहिलेली नाही. रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादित केलेले दोन्ही ग्रंथ, मराठी टीकेसह, बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध केले आहेत. बडोद्याला छापलेली मराठी आपल्या मराठी विभागांपर्यंत पोचू नये, याचे नवल वाटते.

मराठी माणसाने सुगंधाचा आधुनिक उद्योगही उभारला आहे. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ साली मुंबईत स्थापन झाली, आणि केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या मुलुंड येथील वझे महाविद्यालयात सुगंधविज्ञानाचे शिक्षणही दिले गेले. अशा ठिकाणी रसायनशास्त्राचा आणि मराठीचा अध्यापक गंधवादाची एक प्रत मध्ये ठेवून बसले, तर पहिले काम द्रव्यनिश्चितीचे असेल. वराहमिहिराच्या यादीतील स्पृक्का आणि चोरक कोणती, यावर निघंटुकारांत आणि वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. टीकेतील प्रत्येक मराठी द्रव्यनाम काष्ठौषधीच्या दुकानातील आजच्या नावाशी, आणि ते द्रव्य प्रयोगशाळेतील पृथक्करणाशी ताडून पाहता येईल. वसई, डहाणू आणि जव्हारकडील जाणत्या वैदूंची नावेही त्याच कोष्टकात शेजारच्या रकान्यात लिहावी लागतील, कारण एकाच मुळीला किनाऱ्यावर एक नाव आणि घाटाखाली दुसरे नाव असते.